अक्कांची माफी, मुलीचं नाव न काढता

मला याद्या करायची सवय आहे, आणि त्या काळात मी देवासाठीही एक यादी ठेवत असे. शाळेच्या जुन्या वहीत रेघा मारून तीन रकाने: विनंती, केव्हापासून, झाली की नाही. तिसरा रकाना पुष्कळदा रिकामा असे. पण वर पाठवलेली कामं रेंगाळतात हा शाळेतला अनुभव होताच. मी रोज सकाळी आठवण देत राही.

त्या उन्हाळ्यात वहीत सगळ्यात वर एकच काम होतं. आम्ही नवराबायको शिरपूरला मिशनच्या शाळेत शिक्षक होतो आणि आमची बदली साक्रीच्या पलीकडं डोंगरातल्या एका गावी झाली होती. तिथली शाळा चौथीपर्यंत. आमची मुलगी पाचवीत जाणार होती. धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहातून जागा नसल्याचं उत्तर आलेलं. धुळ्यात हक्काचं घर एकच, माझ्या थोरल्या नणंदेचं, आणि अक्का माझ्याशी वर्षभर बोलत नव्हत्या. तेव्हा मी वहीत लिहिलं, "अक्कांचं मन मऊ करावं. शाळा उघडायच्या आत."

भांडण असं झालं होतं. धाकट्या दिराच्या लग्नाची व्यवस्था माझ्याकडं होती. आमच्या उपासनामंदिरात चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायची पद्धत. त्याआधीच्या एका लग्नात पाळकसाहेबांचे बूट गेले होते, आणि आशीर्वाद देऊन झाल्यावर ते अनवाणी घरी गेले होते. म्हणून मी कामांची यादी मांडवाच्या खांबाला लावली. पाणी अमुक, हार तमुक, आणि "चपला: अक्का". सगळ्यांत भरवशाचं माणूस निवडलं म्हणून मी स्वतःवर खूष होते.

अक्का विधवा, मिशनच्या दवाखान्यात नर्स. मूलबाळ नाही. या धाकट्या भावाला त्यांनी कडेवर वाढवलेलं. तो आत वचनं देत होता तेव्हा त्या बाहेर काठी घेऊन चपलांपाशी बसल्या होत्या. एकही चप्पल गेली नाही. जेवणाला त्या थांबल्या नाहीत. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "मोजून घ्या, वहिनी."

यावर माझं उत्तर तयार होतं आणि ते मी सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं: आत यायला त्यांना कोणी अडवलं होतं का?

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; भाकरीचं ताट हातोहात फिरे. ज्याचं कोणाशी वैर आहे त्यानं आधी समेट करावा, नाहीतर भाकर न घेता हात मांडीवर ठेवावा, असं पाळकसाहेब प्रत्येक वेळी सांगत. माझं वैर धुळ्यात होतं, शिरपूरला दिसत नव्हतं, म्हणून मी बिनदिक्कत भाकर घेत असे. त्या रविवारी सासूबाई माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या. भाकरीचं ताट त्यांच्याकडं आलं. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि ताट माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिलं. मंडळीतल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायची आमच्याकडं फारशी पद्धत नव्हती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, मी रोज प्रार्थना करतेय. माझा देवावर पूर्ण विश्वास आहे."

"तू देवले काम सांगी ऱ्हायनी," सासूबाई लसूण सोलत अहिराणीत म्हणाल्या. "त्यानी सांगेल काम कोन करी?"

"जाते. माफी मागते, आणि मुलीचंही बोलून येते."

"पोरनं नाव काढानं नही. पोरसाठी मांगशी त ती माफी नही, अर्ज शे."

"मग मुलीचं कोण बघणार?"

"तुना पूर्ण विश्वास शे ना?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. तो हसत होता हे कागदावरून कळत होतं.

दोन दिवसांनी मी एस.टी.नं धुळ्याला निघाले. काय बोलायचं त्याचे पाच मुद्दे कागदावर काढले होते. पहिला माफीचा. उरलेले चार मी तसं का केलं याचे. सोनगीर येईपर्यंत ते चारही खोडून झाले, कारण पुन्हा पुन्हा वाचताना ते भांडणासारखेच वाटायला लागले.

अक्का अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होत्या.

"काय काम काढलं?"

"माफी मागायला आले. भावाच्या लग्नात तुम्हाला बाहेर बसवलं. माझं चुकलं."

"आत यायला कोणी अडवलं होतं, असं म्हणत होतात ना?"

"म्हणत होते."

"ते काही खोटं नाही. पण मला बघायचं होतं, तुमच्या लक्षात कधी येतं ते." त्यांनी एक शेवई मोडून पाहिली. "पाळकसाहेबांचे बूट नवे होते. त्यांच्यावरच जास्त लक्ष ठेवावं लागलं."

त्यांनी चहा केला. आम्ही उन्हाबद्दल बोललो, दवाखान्याबद्दल बोललो. मुलीचं नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. देवाच्या भरवशावर सोडलं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते, पण सोडलं काहीच नव्हतं. वरच्या साहेबाला काम लावून दिलं होतं आणि तो ते करतो की नाही यावर देखरेख ठेवली होती. आता काही न मागता उठायचं म्हणजे पोरीची पाचवी खरोखरच त्याच्या हातात द्यायची. मी कप विसळला आणि उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मला शांती वगैरे काही वाटत नव्हती. देवाचा राग येत होता.

"पोरीच्या पाचवीचं काय केलंत?" अक्कांनी मागून विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"तुमचं ठरलं नाही?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "घोरते का ती?"

"घोरते."

"मी पण घोरते. येऊ द्या तिला." मग त्यांनी अटी सांगितल्या. मी महिन्यातून एकदाच यायचं. आणि आल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात कसलीही व्यवस्था लावायची नाही.

दोन्ही मी कबूल केल्या. पहिली मला पाळता आली.