उतरलेल्या सेलवरचा ठेका

जुने, नावाजलेले रिदम मशीन परवडत नसेल, तर त्याच्या जागी स्वस्तातले काय चालेल? नव्वदच्या दशकात माझ्या थोरल्या भावाच्या बेंजो पार्टीपुढे हाच प्रश्न होता. आज कपाटातला टेप उघडला, गळलेल्या सेलचा आंबट वास आला आणि शेणवे गावच्या लग्नातली ती हळद आठवली.

पार्टीचा ढोलकीवाला कारखान्यात लागला होता. म्हणून दादाने मुरबाडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या मशीनचा ठेका कॅसेटवर भरून आणला. हळद रंगली नाही, तर दुसऱ्या दिवशीची वरात आमच्या हातून जाणार होती.

भर दुपारी लाइट गेली. टेप सेलवर लावला. सेल उतरत गेले, तसा ठेका संथ आणि जाडसर होत गेला. नाचणारी पोरे थांबली.

"वाजवणारा जेवला नाय का रे?" एकाने टोमणा मारला.

दादाचा हात टेपच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात नवरीची आत्या पदर खोचून पुढे आली. "बंद नको करू रे! आता कुठं आमच्या पायांना गावलाय."

मागोमाग साऱ्या म्हाताऱ्या फेरात उतरल्या. दादाही बेंजो तितकाच हळू वाजवू लागला. वरात आम्हालाच मिळाली.

दादा यंदा गेला. आज तीच कॅसेट लावली, तेव्हा रडू आले नाही आणि बरेही वाटले नाही. मी बोटाने मात्रा मोजत राहिलो. त्या फेराला मशीनपेक्षा ती कॅसेट सोयीची होती, एवढेच मला सांगता येते. आपल्याकडे जुना टेप असेल, तर उतरलेले सेल घालून, घरातल्या वयस्करांना टाळी धरायला सांगून, कृपया आपणच पडताळून पाहा.