मीच काढला, साहेब

ती केस आजही आठवते, आणि आठवली की आधी डोक्यात गोंधळच उडतो. खुनाच्या, दरोड्याच्या कितीतरी केसेस मी निवांत सांगू शकतो. त्यांत कोण कुठे होतं हे शेवटी कळलेलं असतं. या साध्या चोरीच्या केसमध्ये मात्र एक माणूस एका फोटोत होता आणि त्याच फोटोत नव्हता. मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक, निवृत्ती तोंडावर आलेली. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा त्या आठवड्यात काडीचाही उपयोग झाला नाही.

शिवडीच्या एका गोदामातून तांब्याच्या केबलची रिळं गेली होती. शटरचं कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. गल्लीतल्या सीसीटीव्हीत संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक माणूस पाठमोरा दिसत होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. गोदामाची एक किल्ली मालकाकडे आणि दुसरी तिथल्या वायरमनकडे. हा वायरमन पन्नाशीचा, नायगावच्या चाळीत राहणारा, त्या गोदामात बावीस वर्षं काम केलेला. सुतावरून स्वर्ग गाठायला पोलिसाला याहून जास्त सूत लागत नाही. त्याला अटक केली आणि कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

वायरमन एकच सांगत होता. त्या वेळी तो चाळीच्या हॉलमध्ये होता, शेजारच्या मुलीचा साखरपुडा होता.

"ग्रुप फोटोत पण हाय मी, साहेब. एकदम कोपऱ्यात, मागच्या रांगेत."

"कोपऱ्यात का?"

"पक्कड, टेस्टर खिशात. कपडे पण कामाचे. नवरा-नवरीच्या बाजूला बरं दिसतं का ते?"

मी चाळीत माणसं पाठवली. आठ-दहा जणांचे जबाब झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच: "तो ना? तो असतोच हो." आता 'असतोच' हा शब्द कोर्टात कुठे ठेवायचा? त्या दिवशी, त्या वेळी तुम्ही त्याला डोळ्यांनी पाहिलंत का, असं विचारलं की माणूस गडबडायचा. जो रोज दिसतो त्याला कुणी बघत नाही, हे मी नोकरीत अनेकदा अनुभवलं आहे. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये फक्त नवरा-नवरी आणि जेवणाची ताटं. वायरमनचा स्वतःचा मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला.

शेवटी अल्बम मागवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? ग्रुप फोटो मोठा, दोन पानांवर पसरलेला. मी कोपरे पाहिले, भिंग लावून पाहिले. वायरमन नव्हता. तिथे फक्त भिंत होती, सरळ आणि स्वच्छ.

हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच नजर वळवली. त्याची बायको रोज डबा घेऊन येई आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राही. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही. "फोटोत नाय म्हणजे काय? मी बघितलंय त्याला उभं राहताना," एवढंच म्हणाली. बायकोच्या शब्दाला कोर्टात किती वजन असतं ते मला ठाऊक होतं, तिलाही बहुतेक ठाऊक असावं.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लालबागमध्ये लग्नाचे अल्बम बांधून देणारा एक जण आम्हाला अधूनमधून बातमी देत असे. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचा वायरमन फोटोग्राफरच्या लॅपटॉपमध्ये आहे. अल्बममध्ये नाही. कसा गेला ते त्याला विचारा."

तासाभरात फोटोग्राफर माझ्यासमोर होता, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यासकट. चिंचपोकळीला राहणारा, चाळिशीचा, घाम पुसत बसलेला. लॅपटॉपवर तोच ग्रुप फोटो उघडला. नंबर तोच, वेळ तीच, सहा वाजून बारा मिनिटं, सेकंदसुद्धा तेच. कॅमेऱ्याचं घड्याळ मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, फरक नव्हता. आणि डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात वायरमन! अर्धा चेहरा, एक खांदा, खिशातून डोकावणारी पक्कड.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. हॉलच्या भिंतीला पोट आलेलं होतं. दाराची चौकट धनुष्यासारखी बाहेर वाकली होती. त्या हॉलमध्ये माझ्या ओळखीतली दोन बारशी आणि एक सत्कार झालेला, भिंत सरळसोट आहे हे मी शपथेवर सांगितलं असतं. म्हणजे खोटा फोटो हाच, आणि ओढूनताणून माणूस बसवताना भिंत वाकली, असं मला वाटलं. तेवढ्यात दुसरा विचार आला. कुणी पैसे देऊन त्याला अल्बममधून काढायला लावलं असेल तर? मग अल्बम खोटा. दोन्ही शक्यता मी कागदावर लिहिल्या, खोडल्या आणि पुन्हा लिहिल्या.

फोटोग्राफरला थेट विचारलं. लेखनिक हवालदार शेजारी जबाब लिहीत होता.

"हा माणूस इथे आहे, अल्बममध्ये नाही. कुणी काढला?"

"मीच काढला, साहेब."

हवालदाराची लेखणी क्षणभर थांबली. एवढ्या लवकर कबुली?

"का काढला?"

"का म्हणजे? सगळे म्हणाले काढ, म्हणून काढला."

"सगळे कोण?"

"मुलीकडचे, मुलाकडचे. सगळेच ओरडत होते, आता काढ म्हणून."

"पैसे घेतलेस?"

"घेणारच ना साहेब, धंदा आहे तो माझा."

मी खुर्चीत मागे टेकलो. बाहेर जाऊन एक ग्लास पाणी प्यायलो. दोन्ही घरांनी मिळून, साखरपुड्याच्या दिवशी, भर हॉलमध्ये एका वायरमनला अडकवण्याचा कट केला? कशासाठी? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आत आलो तर हवालदार नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवत होता. त्याच्या सरकारी मराठीत ते असं झालं होतं: "सदर इसमास फोटोमधून मीच काढले असून, त्याकामी मोबदला स्वीकारला आहे."

फोटोग्राफर ताडकन उभा राहिला. "अहो हवालदार! इसम नाही काढला, फोटो काढला! माणसांचा फोटो काढला हो मी! माणसाला कशाला काढू?"

हवालदार मला म्हणाला, "साहेब, तो 'काढला' म्हणाला, मी 'काढले' लिहिलं. माझी चूक काय?"

चूक कुणाचीच नव्हती. फोटो काढतातही आणि फोटोतून माणूसही काढतात. दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि आम्ही तिघं अर्धा तास त्या एका शब्दावर समोरासमोर बसून वेगवेगळ्या गोष्टी बोलत होतो. जबाब फाडता येत नाही, म्हणून त्याखाली दुरुस्ती लिहून घेतली.

"बरं," मी म्हटलं, "काढला नाहीस. मग घातलास?"

आता तो रडकुंडीला आला. "आईशप्पत साहेब, मी काहीच केलं नाही. कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा हा माणूस नव्हता. अल्बम बनवला तेव्हा पण नव्हता. ह्या वायरमनची बायको माझ्याकडे आली, म्हणाली नीट शोध. जुना लॅपटॉप बिघडलेला, मित्राने ह्या नव्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलेलं. त्यात उघडला, तर हा उभा! मी घाबरलो. आता दाखवला असता तर तुम्हीच म्हणाला असता, पैसे खाऊन घुसवला."

तो खरं बोलत होता, कारण मी अगदी तेच म्हणणार होतो. आता प्रश्न असा उरला की माणूस घातलेला नाही, काढलेला नाही, मग तो येतो-जातो कसा? लॅपटॉप प्रयोगशाळेत पाठवायचा तर अहवालाला महिने लागतात. वायरमनला दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोर्टासमोर उभं करायचं होतं. गोदामाच्या मालकाने त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र आधीच घरी पाठवलं होतं.

आमच्याकडे एक महिला शिपाई होती. सुट्टीच्या दिवशी शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो घेत बसायची. आम्ही तिची थट्टा करायचो, पगार सगळा पाखरांवर उधळते म्हणून. ती मघापासून दारातून वाकून स्क्रीनकडे पाहत होती.

"सर, कॅमेऱ्याचा मेन्यू बघू का?"

मी म्हटलं, बघ बाई, आता देवऋषी तेवढा बोलवायचा राहिलाय.

कॅमेरा मुद्देमाल म्हणून घ्यायचा होता, म्हणून समोरच्या दुकानातले दोन पंच बोलावले. आतलं कार्ड काढून पाकिटात सील केलं आणि कोरं कार्ड घातलं. तिने बटणं दाबत दाबत एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे लेन्स करेक्शन असं लिहिलं होतं, त्याखाली डिस्टॉर्शन, आणि त्यापुढे ऑटो.

"सर, ही रुंद लेन्स आहे. छोट्या हॉलमध्ये सगळे मावावेत म्हणून लावतात. ती सरळ रेषा वाकवते. मग कॅमेरा स्वतःच भिंत सरळ करून फोटो साठवतो."

"मग माणूस कुठे जातो?"

"चादर गादीवर ताणून बसवली की कोपऱ्यावरची नक्षी गादीखाली जाते ना, तसं. सरळ करताना कोपरे बाहेर पडतात. आणि ह्या कॅमेऱ्यात बघताना पण सरळ केलेलंच दिसतं, म्हणून ह्यांना तो दिसला नाही."

"मग लॅपटॉपमध्ये कसा आला?"

"कॅमेरा दोन प्रती ठेवतो सर. एक पक्की, सरळ केलेली. एक कच्ची, लेन्सने पाहिली तशी. अल्बम पक्कीवरून झाला. फुकटच्या सॉफ्टवेअरने कच्ची उघडली, सरळ न करता."

मला अर्धंच समजलं. पंचांना तेवढंही नाही. तेव्हा तिने हवालदाराला नोटीस बोर्डाशेजारी उभं केलं, बरोबर कोपऱ्यात. सेटिंग ऑटोवर ठेवून पहिला फोटो घेतला. त्यात बोर्ड सरळ होता, हवालदाराचा पत्ता नव्हता. मग सेटिंग बंद केलं आणि जागेवरून न हलता दुसरा घेतला. बोर्डाला पोट आलं, आणि कोपऱ्यात अर्धा हवालदार उगवला.

"मी हललो नाही हं साहेब," तो घाईने म्हणाला. "पंचांना विचारा."

तसा पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रती, पंचनामा आणि माझा अहवाल कोर्टापुढे ठेवला, आणि वायरमन सुटला. पुढे प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. किल्लीचा ठसा घेऊन दुसरी किल्ली बनवणारा गोदामातलाच एक माणूस निघाला. केबल भंगारात विकताना तो सापडला.

सुटल्या दिवशी वायरमन बायकोसोबत सामान घ्यायला ठाण्यात आला. मी त्याला बसवलं, दोन्ही फोटो दाखवले, कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं.

"म्हणजे भिंत सरळ दिसावी म्हणून माणूस कापला?"

मी म्हटलं, "कॅमेऱ्याला काय कळतं?"

"नाय, कॅमेऱ्याला नाय कळत," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला.

ते वाक्य मला दिवसभर छळत राहिलं. संध्याकाळी मी केसचे कागद काढून बसलो. आमच्याकडेही दोन प्रती असतात. हवालदार आधी कच्च्या वहीत लिहून घेतो आणि मग जबाब पक्का होतो. कच्ची वही चाळताना हॉलशेजारी राहणाऱ्या एका म्हातारीचं बोलणं सापडलं. तिला वायरमनबद्दल विचारलं होतं आणि ती पंख्याबद्दल बोलत सुटली होती. पंखा बंद पडला, व्याही घामाघूम झाले, त्याने स्टुलावर चढून पंखा चालू केला, खाली उतरला तोच फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं.

त्या ओळींवर तिरकी रेघ होती. रेघ माझ्या पेनाची होती. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'विषयाशी संबंध नाही.' म्हातारी भरकटते आहे असं मला वाटलं होतं आणि जबाब नीटनेटका व्हावा म्हणून मी तो भाग गाळला होता. बायकोखेरीज ज्या एका बाईने त्याला तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं तिचं पाहणं मीच कापलं होतं, आणि एक माणूस चार दिवस कोठडीत बसला होता. मला स्वतःची लाज वाटली. कुणी रागावलं नाही, चौकशी लागली नाही, म्हणून ती आणखीच वाटली.

सकाळी मी स्वतः नायगावला गेलो. म्हातारीच्या दारात बसून सगळा जबाब पुन्हा घेतला, पंख्यासकट, आणि तिला वाचून दाखवला.

"ह्येच तर मी पयल्या दिवशी सांगितलेलं," ती म्हणाली.

त्यानंतर नोकरीत होतो तोवर नव्या लेखनिकाला मी एवढंच शिकवलं: म्हातारी पंख्याबद्दल बोलत असेल, तर पंखा लिही.