पाचव्या घरचा जोगवा

माझी लेक तापात गेली, तेव्हापासून दोन वर्षं मी अंबाबाईच्या देवळाची पायरी चढले नव्हते. रुसलेच होते म्हणा. घरातल्या देवीपुढं दिवा लावायचे आमचे हे. मी तिकडं बघायचेही नाही. लेकीच्या फोटोला तर कुणाला कुंकू लावू दिलं नाही. ते लावलं की ती खरंच गेली, असं वाटायचं.

रिकामं घर खायला उठायचं, म्हणून जगभरातल्या मुलांच्या औषधपाण्यासाठी निधी जमवणाऱ्या एका देशव्यापी संस्थेचं काम घेतलं. पुठ्ठ्याची बंद पेटी, तिच्यावर कुरळ्या केसांच्या एका परदेशी मुलीचा फोटो. ती घेऊन दारोदार फिरायचं. पण माझा स्वभाव ताठ. मागायला कमीपणा वाटायचा.

त्या शुक्रवारी मुरगूडला गेले होते. चार घरं रिकामी गेली. एका दारात तर ऐकून घ्यावं लागलं, "आपल्या गावातली पोरं काय कमी हायत व्हय, बाई?" मी पेटी उचलून निघाले. स्वतःची एक वाचवता आली नाही आणि निघाले जगाची वाचवायला! आता एकच घर, मग पेटी कायमची परत द्यायची, असं ठरवून टाकलं.

पाचव्या दारात एक म्हातारी जोंधळे निवडत बसली होती. मला बघताच "शुक्रवारची आलीस, थांब," म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतून करंडा घेऊन आली. तिनं हळद-कुंकू सरळ पेटीवरच्या मुलीच्या कपाळाला लावलं.

"आजी, मी जोगवा मागायला नाही आले," मी गडबडून म्हणाले.

"मग काय मागतीस?"

"आजारी मुलांसाठी मागते. लांबच्या, परदेशातल्या."

"मग जोगवाच की गं त्यो! लेकरासाठी मागायला लाजतीस व्हय? कितवं घर ह्ये?"

"पाचवं."

जोगवा पाच घरी मागतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"झालं तर. पदर कर म्होरं."

मी पेटी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पदर पसरला. ओंजळभर जोंधळे पडले आणि मी तिथंच उंबऱ्याशी बसून रडले. म्हातारीनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा निवडायला बसली.

देवीच भेटली, असा माझा दावा नाही. पण मी दोन वर्षं जाब विचारत होते. मागितलं मात्र कधी नव्हतं. घरी येऊन त्या जोंधळ्याची भाकरी केली आणि देवीपुढं ठेवली. म्हटलं, आई, तू का नेलंस ते मला अजून कळत नाही. पण ती तुझ्यापाशी आहे, एवढं धरून चालते.

पेटी परत दिली नाही. दर शुक्रवारी निघताना आधी लेकीच्या फोटोला कुंकू लावते, मग त्या कुरळ्या केसांच्या मुलीला.