तापलेल्या ड्रमवर दोन घागरी पाणी

परंडा, वाशी आणि येडशीच्या तमाम सुज्ञ नागरिकांना नम्रपणे कळविण्यात येते, की प्रस्तुत इसम आज एका अत्यंत गंभीर विषयावर तोंड उघडणार आहे. हातात चहा असेल तर खाली ठेवावा. टोपी असेल तर नीट करावी. विषय आहे—जीपचे ब्रेक.

हसलात ना? हसा. त्या शर्यतीची गोष्ट सांगून मी गेली कितीतरी वर्षं लोकांना हसवतोय. बहात्तरच्या दुष्काळात कोरड्या ठाक तलावात दोन जीपगाड्या कशा भिडल्या, धुरळ्यात कुणाचं धोतर कसं सुटलं—येडशी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात ही गोष्ट मी एवढ्या वेळा सांगितलीय, की मालक माझ्याकडून चहाचे पैसे घेत नाही. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी दर वेळी गिळतो. तो कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही.

आधी शर्यत.

आमच्या भागात नवा साखर कारखाना उभा राहणार होता. प्यायला पाणी नव्हतं, पण कारखाना होणार होता—आम्ही असेच. त्याच्या गाडीवर एक कायमचा ड्रायव्हर हवा होता. एकच. आणि आम्ही होतो दोघं, दोघंही रोजंदारीवर. मी खरेदी-विक्री संघाच्या जीपवर, सुदाम दूध संघाच्या. सुदाम बौद्धवाड्यातला. आम्ही एका डब्यात जेवायचो, एकाच झाडाखाली गाडीच्या पोटात शिरून शिव्या घालायचो. कारखान्याचे होणारे चेअरमन म्हणाले, "दोघं बी हुशार. मंग पळा तलावात. जो जित्ता पयला यील, तो माझा."

पळायचं म्हणजे कसं? सांडव्याकडून सुटायचं, भेगाळलेल्या गाळावरून गाडी बोंबलत बांधाकडं न्यायची, आणि बांधाचे दगड तोंडावर आले की ब्रेकवर उभं राहून वळायचं. तीन फेऱ्या, मग थोडा दम, मग पुन्हा तीन. अशा शर्यतीत इंजिन कोण बघतो? मूर्ख बघतो. ही शर्यत ब्रेकची होती.

म्हणून मी सोलापूरहून ब्रेकचे कडक लायनर आणले, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या. मऊ लायनर थंड असताना कुत्र्यासारखे चावतात, पण तापले की त्यांचे दात पडतात. कडक लायनर आधी नखरे करतात, एकदा तापले की मरेस्तोवर सोडत नाहीत. ते ठोकले, ड्रमवर वारा यावा म्हणून तेलाचा डबा कापून चाकांच्या आत पत्र्याची तोंडं बसवली. सुदामनं विचारलं, "बबन्या, लायनर कंचं टाकू?" मी म्हणालो, "मऊ टाक गड्या, लई धरतंय." हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. अर्ध्या खऱ्याइतकं धारदार हत्यार बघितलंय तुम्ही?

पहिल्या तीन फेऱ्या म्हणजे मारामारी होती. त्यानं मला दाबलं, मी त्याच्या बंपरला धडक दिली, त्याचा दिवा फुटला, माझं मडगार्ड उपटलं गेलं आणि मागं फरफटत राहिलं. मला फार मजा आली, हेही कबूल करतो. दम घ्यायला थांबलो तेव्हा सुदाम माझ्यापुढं होता, पण त्याच्या चाकांतून धूर निघत होता. जळक्या लायनरचा तो वास—केस जळाल्यासारखा. तिकडं दोन्ही संघांची माणसं एकमेकांच्या गळ्याला लागली होती, टोप्या उडत होत्या, कुणीतरी कुणाच्या कानाला चावलं होतं. आमच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

सुदाम पळत आला. "बिरेक धरंना रं. पायडल पार खाली जातंय. काय करू?"

आता इथं थांबतो जरा.

मी पोरगा असताना ट्रकवर क्लीनर होतो. येडशीच्या घाटात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तापलेल्या ड्रमवर मी पाण्याची बादली उपडी करायला गेलो, तर उस्तादनं मला अशी कानफटीत मारली की मी गटारात पडलो. "तापलेल्या बिडाला पानी दिखाता है? फुटेगा ना!" ती चपराक मला आजही डाव्या कानात ऐकू येते. म्हणजे मला ठाऊक होतं. थोडं थांबावं, सावकाश एक चक्कर मारावी, वाऱ्यानं ड्रम निवू द्यावा—बस. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "पाणी टाक."

"पाणी? माणसाला प्यायला न्हाय, अन् चाकाला?"

बाभळीखाली आमच्या गावच्या सोनाबाईनं पाण्याच्या दोन घागरी झाकून ठेवल्या होत्या. पहाटे उठून, विहिरीच्या तळाशी उतरून, वाटीवाटीनं भरलेल्या. पाहुण्यांच्या चहासाठी. त्या घागरी मी आणल्या. हो, मी, ह्या हातांनी. सुदाम नको नको म्हणत होता. मी एक घागर त्याच्या हातात कोंबली आणि म्हणालो, "नोकरी पायजे का न्हाय?"

त्यानं ओतलं. चर्र झालं, वाफ उसळली. आणि वाफेतून आवाज आला—टण्. बारीक. बांगडी फुटावी इतका. सुदामला ऐकू आला नाही, त्याच्या जीपचं इंजिन चालू होतं आणि तो दुसऱ्या घागरीकडं वळला होता. मला आला. त्याच कानात.

मी गप्प राहिलो.

मला वाटलं होतं की तो नुसता मागं पडेल, असं इथं लिहिलं होतं. खोडलं. टण् ऐकल्यावर माणसाला काय वाटायचं राहतं?

चौथ्या फेरीत बांधाजवळ त्यानं ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकात ड्रमचे तुकडे झाले. जीप एका अंगाला ओढली गेली, दगडांवर चढली, उलटली. सुदाम बाहेर फेकला गेला. मी मागेच होतो. माझ्या ब्रेकनी मला बरोब्बर उभं केलं, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. त्याच्यापाशी पहिला मी पोचलो. तोंड रक्तानं भरलेलं, पण हातपाय हलत होते. दोन्ही हात. हे लक्षात ठेवा.

मागून गर्दी आली. तेवढ्यात तिकडून सोनाबाईची किंकाळी—"माज्या घागरी! कुणी वतलं रं पाणी, मुडद्यांनो?"

गर्दी थबकली. तहानलेल्या माणसांची गर्दी तुम्ही पाहिलीय? मी सुदामच्या तोंडावर मुठीनं मारलं. पूर्ण ताकदीनं. आणि ओरडलो, "ह्यानं! ह्यानं वतलं आपलं पाणी!"

'आपलं' म्हणालो. त्याचा वाडा कोणता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या शब्दानं काय होईल हे मला माहीत होतं. मग वहाणा आल्या, काठ्या आल्या, कुणीतरी माझ्याच जीपमधला जॅकचा दांडा आणला. दगडांनी जे मोडलं नव्हतं ते माणसांनी मोडलं. उजवा हात कोपरापासून. पुन्हा त्याला स्टिअरिंग धरता आलं नाही. ते कुटुंब गाव सोडून गेलं. कारखान्याची गाडी मी अजून चालवतो.

हॉटेलात मी सांगतो ते असं, की सोनाबाईचं पाणी बघून माझं डोकं फिरलं आणि मी हात उचलला. लोक मान डोलावतात. पण मी हात उचलला तो सुदामचं तोंड बंद करायला. गर्दी पोचायच्या आधीच तो बोलायला लागला होता. पुढचं वाक्य काय येईल याची मला भीती वाटली.

पहिलं आलेलंच होतं. माझा शर्ट धरून, फुटलेल्या ड्रमचा तुकडा मला दाखवत, रक्त थुंकत तो ओरडला होता—

"बबन्या, तू पाणी टाकू नगंस रं! डरम फुटतंय, मरशील!"