तापाच्या साथीची रंगीत तालीम

ज्या दिवशी आमच्या औरादच्या सरकारी दवाखान्यात तापाच्या साथीची रंगीत तालीम झाली, त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला खरा ताप होता. तिचे दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती उदगीरहून चिंताकीला, माहेरी आली होती. सकाळी आईचा फोन आला, "पोरीला धाप लागायलीय गं." मी या दवाखान्यात नर्स. म्हटलं, "आजच घेऊन ये. बिदरचे मोठे डॉक्टर, बेंगळुरूचे साहेब, समदे हायेत." याच्यापेक्षा चांगला दिवस मिळणार कुठून, असंच मला वाटलं.

तालीम म्हणजे काय, तर उद्या जगभर फ्लूची मोठी साथ आली तर तालुक्यानं काय करायचं, ते आधीच करून बघायचं. सरकार, लस बनवणारी एक कंपनी आणि परदेशातली एक संस्था, तिघांनी मिळून ते मांडलं होतं. "तहान लागल्यावर विहीर खणायची नाही," असं साहेब माईकवर म्हणाले आणि मला ते पटलं. अजूनही पटतं. माझा राग त्याच्यावर नाहीच.

पेशंटचं सोंग घ्यायला चिंताकीचीच माणसं टेम्पोतून आणली होती. खोका, कण्हा, पडा, असं त्यांना शिकवलेलं. बसची वाट कशाला बघायची म्हणून आईही बहिणीला घेऊन त्याच टेम्पोत बसली. उतरल्या उतरल्या कंपनीच्या माणसांनी सगळ्यांच्या गळ्यात कार्डं अडकवली. जास्त आजारी त्याला लाल, कमी त्याला हिरवं. आमच्या गावची माणसं सोंगाला कधी हरलेली नाहीत. एकेक जण असा विव्हळत होता की खऱ्या पेशंटानं लाजावं. बहीण मात्र गप्प. आमच्याकडं लेकीबाळी चार माणसांत कण्हत नाहीत, बाळंतकळासुद्धा पदर दातात धरून काढतात. त्यात समोर गावचे अण्णा-अप्पा बसलेले. ती तोंडावर पदर घेऊन भिंतीला टेकली, आणि तिला हिरवं कार्ड मिळालं.

हे मला आईनं मागून सांगितलं. मी तेव्हा मांडवात होते, हातात ओवाळणीचं ताट. आधी पाहुण्यांना ओवाळणं, मग फेटे, मग शाली, मग भाषणं. कंपनीनं दिलेल्या ऑक्सिजनच्या खाटेवर गावचा एक पैलवान गडी नाकाला मास्क लावून निवांत पडला होता, आणि त्याचे फोटो निघत होते. रुग्णवाहिका व्हिडिओसाठी आवारातच गरागरा फिरत होती. कुणाचं काय अन् कुणाचं काय.

आई एकदा उठली होती. दारातल्या माणसाला म्हणाली, "अण्णा, माझ्या लेकीला लई दम लागायलाय." तो हसला. "झकास, आज्जी. पण नंबर आला की बोला." त्याला वाटलं, म्हातारी पाठ केलेलं म्हणायलीय. आई परत जाऊन बसली. दवाखान्याची आता हीच रीत असेल, आणि पाव्हणे आलेत, त्यांच्या कार्यक्रमात आपण कामून मोडता घालायचा, असा तिचा हिशेब. आम्हा लोकांचा हा शहाणपणा जळो.

जेवणाची पानं मांडायला मी बाहेर आले, तेव्हा दोघी दिसल्या. बहिणीचे ओठ निळे पडले होते. "अक्का," एवढंच ती म्हणाली. मी डॉक्टरांना बोलवायला बोंबलले, तर खुर्च्यांतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. तालमीत एक नर्स ओरडते असं होतं म्हणे. मी पैलवानाला दंड धरून खाटेवरून खाली ओढलं, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर कुणी हात आखडता घेतला नाही. परदेशातून आलेल्या डॉक्टरीणबाई स्वतः मास्क धरून रुग्णवाहिकेत बसल्या. बिदरला पोट फाडून बाळ काढलं, ते जगलं. बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. घशाच्या नमुन्यात फ्लूच निघाला. तो नमुना पुढं लांबच्या लॅबमध्ये गेला, नव्या लशीच्या कामाला येईल म्हणाले. येवो बापडा. आता तालमीच्या दिवशी खऱ्या पेशंटांना दार वेगळं असतं, त्यासाठी नियमच केलाय. नियम चांगला आहे, पण तो व्हायला आमच्या घरातलं माणूस जावं लागलं.

बाळ आमच्याकडंच आहे. परवा त्याला मांडीवर निजवता निजवता आईनं विचारलं, "म्या तवा वरडले आस्ते, तर वाचली आस्ती का गं?"

बहिणीसारख्या कितीतरी बायका वेळेवर ऑक्सिजन मिळाल्यावर आपल्या पायांनी घरी गेलेल्या मी पाहिल्यात. मला ठाऊक आहे काय ते.

"न्हाई माय," मी म्हणाले. "सकाळीच लई उशीर झाला होता. तुझ्या वरडण्यानं काय बी झालं नसतं."

"व्हय?"

"व्हय."

मी नर्स आहे, म्हणून तिनं ते खरं मानलं.