सदऱ्याच्या खिशातला शिक्का

बापूरावजी गेले तेव्हा नव्वदीला टेकले होते. घाटावर लाकडं रचून व्हायची होती, तोवरच चौघांनी त्यांचे किस्से सुरू केले. बावीस वर्षं सरपंचपद आणि त्याच्याही आधीपासून संत्र्याची बाग, म्हटल्यावर किस्से साठणारच. त्यातली नऊ वर्षं मी त्यांचा ग्रामसेवक होतो, शहराबाहेर बेसाच्या पुढे, कच्च्या रस्त्याच्या गावात. आता शहरात, प्रताप नगरात राहतो. इथे पाहुणा आला की चहाच्या आधी बापूरावजी निघतात.

*

पंचायतीचा शिक्का कपाटात ठेवायचा असतो. बापूरावजींचा शिक्का सदऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या डबीशेजारी. एकदा एक जण रहिवासी दाखला घेऊन बागेतच आला. शिक्का होता, शाईचं पॅड ऑफिसात. बापूरावजींनी बैलबंडीच्या चाकाच्या वंगणात शिक्का बुडवला आणि दिला ठोकून.

तहसीलच्या बाबूनं दाखला परत पाठवला. म्हणे, कागदाला वास येतो.

"लिहून द्या त्याले," बापूरावजी मला म्हणाले, "सरकारी कागद हाय, वास येईनच."

*

हायब्रीड ज्वारी नवी आली तेव्हा कृषी खात्यानं त्यांच्या वावरात प्रात्यक्षिकाची पाटी लावली. ज्वारी काही धड आली नाही. साहेब फोटो काढायला यायच्या दिवशी बापूरावजींनी पाटी उपटली आणि शेजारच्याच्या हिरव्यागार वावरात रोवली. शेजाऱ्यानं विचारलं, हे काय? त्यावर उत्तर तयार होतं: "पाटी माही, पीक तुहं, फोटो दोघायचा."

फोटोत शेजारी नव्हता, हे सांगायला नकोच.

*

मग प्रौढ शिक्षणाचा वर्ग मंजूर झाला. शिकणारे कोण? बापूरावजींनी भजनी मंडळ बसवलं, त्यात पेन्शनीत गेलेले हेडमास्तरसुद्धा. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं हेडमास्तरांनाच फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी असं काही वळणदार अक्षर काढलं की साहेब बघतच राहिले. किती दिवस झाले शिकून? हेडमास्तर खाली मान घालून म्हणाले, तीन आठवडे. साहेबांनी शेरा लिहिला: प्रगती समाधानकारक.

बापूरावजींच्या पत्नी सीताबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांना खरंच अक्षर येत नव्हतं. ट्रे ठेवून त्यांनी पुस्तक उचललं, इकडून तिकडून फिरवलं आणि मला विचारलं, "याचं डोकं कोन्या बाजूले हाय, भाऊ?"

"तुले काय कलेक्टर व्हायचं हाय का वं?" बापूरावजी म्हणाले. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्याची अजून लाज वाटते.

*

पण बापूरावजींची खरी कला तहकूब सभेत होती. ग्रामसभा ते नेमकी बाजाराच्या दिवशी लावत. गावात माणूस नाही, म्हणून कोरम नाही, म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! ती तासाभरानं त्यांच्याच ओसरीवर भरायची, चार घरच्या माणसांत. ह्या पद्धतीनं त्यांच्या बागेचा रस्ता दोनदा मंजूर झाला.

बौद्ध वस्तीच्या विहिरीचा अर्ज मात्र सहा वर्षं पडून होता. वस्तीतल्या बायका त्यांच्याच बागेत संत्री तोडत आणि मोटर बंद झाली की पाटात उरलेलं पाणी गुंडात, म्हणजे पितळी हंड्यात, भरून नेत. उन्हाळ्यात पाट कोरडा पडला की नाल्यात झिरा खोदून वाटी-वाटीनं भरत. त्यातली पंचफुलाबाई दर महिन्याला येऊन विहिरीचं विचारायची. बापूरावजींचं उत्तर ठरलेलं: "कोरम भरू दे वं."

एका मे महिन्यात अशीच सभा तहकूब झाली. चार घरची माणसं लग्नाला गेलेली. बापूरावजी जेवले, सदरा खुंटीला लावला आणि आतल्या खोलीत आडवे झाले. मला म्हणाले, उठल्यावर लिहू.

मी रजिस्टर घेऊन ओसरीवर बसलो. ठरलेल्या वेळेला पंचफुलाबाई आली, मागे वस्तीतल्या तीस-एक बायका आणि वस्तीचा एकुलता पंच गोमाजी, जो सभेत कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी वस्तीतलं कोणी बाजारात गेलंच नव्हतं. इतकी वर्षं अंगणात उभ्या राहणाऱ्या बायका ओसरीवर चढून बसल्या. गोमाजीला अध्यक्ष केलं. ठराव एकच: यंदाचं पहिलं काम, वस्तीची विहीर. मी लिहिला.

मी म्हटलं, शिक्का तर बापूरावजींच्या खिशात आहे. पंचफुलाबाईनं रजिस्टर उचललं आणि मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेली. पाच मिनिटांत परत आली.

चारला बापूरावजी सदरा चढवत बाहेर आले. ओसरी भरलेली. "काहून वं, मले उठवलं नाही?"

"तहकूब सभेले कोनीच लागत नाही जी," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमीच तं सांगता."

बापूरावजींनी खिसा चाचपला. शिक्का जागेवर होता. ते हसले. "शिक्क्याबिगर ठराव कसा होईन?"

मी रजिस्टर पुढे केलं. ठरावाखाली शिक्का होता, ठळक, पण उलटा. बापूरावजींनी रजिस्टर फिरवून तो वाचला. मग बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. आत सीताबाई भांडी घासत होत्या.