चार बोटं खाली घेतलेली सीट

माझ्या सायकलच्या सीटला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला किती शिव्या घालायच्या ते तुम्हाला ठरवता येईल. यवतमाळात आमचा सकाळी सायकल चालवणाऱ्या सात-आठ जणांचा ग्रुप आहे. घाटंजी रोडनं जायचं, टपरीवर तर्री-पोहे हाणायचे आणि ऑफिसच्या वेळेआधी घरी यायचं. एकदा ग्रुपातल्या एकानं मला न विचारता माझी सायकल चक्कर मारायला नेली आणि बोटभर सीट खाली करून परत आणून उभी केली. बसल्याबरोबर मला कळलं. त्या भल्या माणसाला मी चारचौघांत असं झापलं की तो आठवडाभर फिरकला नाही. तेव्हापासून सीटच्या नळीला लाल टेप गुंडाळून ठेवली आहे, सीट कुठवर ठेवायची त्याची खूण म्हणून. बायको म्हणते, एवढी खूण लग्नाच्या वाढदिवसाची ठेवली असती तर बरं झालं असतं.

हे खूळ माझ्यात बाबांकडून आलं. बाबा दिग्रसचे. कचेरीत कारकून म्हणून लागले आणि मोठे बाबू होऊन निवृत्त झाले. पण गल्लीत त्यांची ओळख त्यांच्या काळ्या सायकलवरून. सकाळी चहाच्या आधी अंगणात जुन्या बनियनच्या फडक्यानं ती पुसायची, चेनला दोन थेंब तेल द्यायचं, अंगठ्यानं दाबून हवा पाहायची. आई म्हणायची, माझी तब्येत कधी एवढी पाहिली नाही यांनी. सायकल कोणाला देणार नाहीत म्हणजे नाहीतच. शेजारी मागायला आला तर त्याला कॅरिअरवर बसवून स्वतः सोडून येत, पण हँडल दुसऱ्याच्या हातात देत नसत.

त्यांची बसायची पद्धत ठरलेली होती. डावा पाय पायडलवर, उजव्या पायानं जमिनीला तीन ढकल्या, आणि सायकल चालू लागली की मागून टांग मारायची. उतरणंही तसंच, चालत्या सायकलवरून. सीटवर बसून जमिनीला पाय टेकवताना मी त्यांना जन्मात पाहिलं नाही. सीट इतकी उंच की टेकले नसतेच. मध्येच थांबायची वेळ आली तर सरळ उतरून उभे राहत. पन्नासेक वर्षं हे असंच चाललं होतं, आणि टांग मारताना ते खाली पाहतसुद्धा नसत.

त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि आईचे मला फोन सुरू झाले. परवा वळणावर झोक गेला, काल भाजी घेऊन येताना अडखळले, तू एकदा येऊन समजाव. मी शनिवारी गेलो. समजावणं आमच्या घरात कोणालाच जमत नाही, त्यामुळे मी भांडलो. या वयात हाडं जुळत नसतात, वगैरे सगळं बोलून झालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुपारचं जेवून आडवे झाले.

आणि मग मी शहाणपणा केला. आमच्या ग्रुपात म्हाताऱ्या माणसांसाठी एक सल्ला नेहमी दिला जातो. सीट खाली घ्यावी, म्हणजे तोल गेला तर दोन्ही पाय जमिनीला टेकतात. मला वाटलं, सायकल सुटत नाही तर निदान एवढं करू. पाना घेतला. नट गंजलेला होता. तेल टाकलं, ठोकलं, आणि सीट चांगली चार बोटं खाली घेतली. बोटभरासाठी ज्यानं माणूस झापला, तोच मी. नट कचकचून आवळला. बाबा उठले की सांगू असं मनात होतं. पण ते घोरत होते, माझी यवतमाळची एसटी निघायला आली होती, आणि खरं सांगायचं तर पुन्हा वाद नको होता. आईलाही सांगितलं नाही. मनात म्हटलं, बसतील तेव्हा कळेलच, आणि बरंच वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. सायकल पुसायच्या आधीच दूध आणायला निघालेले बाबा घरासमोरच पडले होते. खुबा मोडला होता.

मला फोनवरच सगळं दिसलं. तीन ढकल्या, टांग, आणि जिथं सीट असायला हवी तिथं ती नाही. माणूस चार बोटं खाली जातो, गुडघे वर येतात, हँडल फिरतं. तेवढ्यात आई म्हणाली, "मेलं डुक्कर आडवं आलं रे त्यांच्या." बाबांनीच तसं सांगितलं होतं. आणि मला हायसं वाटलं. बाप रस्त्यावर पडून खुबा मोडून घेतो आणि लेकाला डुकराचं नाव ऐकून हायसं वाटतं, असा मी माणूस.

बाबांना यवतमाळला आणलं, ऑपरेशन झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते डुकराचं सांगत. आमच्या दिग्रसच्या गल्लीत डुकरांना तोटा नाही, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. आणि सगळ्यांत मोठ्यानं डुकरांच्या नावानं बोटं मोडत होतो मी. नगरपालिकेत अर्ज देऊ, बंदोबस्त करायला लावू, असं तावातावानं बोलायचो. इतकं बोललो की माझा मलाच विश्वास बसू लागला. महिन्याभरानं बाबांना दिग्रसला घरी नेलं. चालणं नव्हतंच, कुशीवर वळायलाही माणूस लागायचा. तेव्हा मी खरोखरच अर्ज लिहिला. मोकाट डुकरामुळे ज्येष्ठ नागरिक जायबंदी, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. गल्लीतल्या दहा-बारा लोकांनी सह्या केल्या. पहिली जागा बाबांसाठी मोकळी ठेवली होती.

मी कागद पुठ्ठ्यावर लावून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा मागितला. सगळा अर्ज वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली, आणि पुठ्ठा परत दिला. मला वाटलं हात थरथरतोय. अंगठा चालेल, म्हटलं. यावर मात्र ते चिडले. जन्मभर ज्या माणसानं लोकांना कागद वाचून सही करा म्हणून दटावलं, त्याला मी अंगठा मागत होतो. त्यांनी आईला चहा टाकायला आत पाठवलं.

"डुक्कर नव्हतं," बाबा म्हणाले. "तोंडानं बोललो ते बोललो. खोट्याखाली सही नाही करत मी."

मी पुठ्ठा खाली ठेवला. कसंबसं म्हटलं, "बाबा, सीट मी खाली घेतली होती."

"माहीत हाये मले. या घरात पाना धरणारा दुसरा कोन हाये?"

"मग सांगितलं काहून नाही तुम्ही?"

ते छताकडे पाहत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी जन्मभर त्यांच्या रागावर राग काढत आलो, तेवढंच मला जमतं.

"सांगतलं असतं तं तुही आई जन्मभर तुले बोलली असती," ते म्हणाले. "अन् तू मनाले लावून घेतलं असतं. सायकल सोडून देली असती. तुले वळखतो मी." मग म्हणाले, "सोडू नको बाबू."

मी रडलो. त्यांच्या पायावर डोकं ठेवून, पन्नाशीतला माणूस, हमसून हमसून रडलो. मोडलेल्या बाजूवर भार पडतोय हेही मला कळलं नाही. त्यांनीच सांगितलं, त्या अंगाले नको. आई चहा घेऊन आली आणि तिला वाटलं, बाबांचं दुखणं पाहून मला भरून आलं. अर्ज मी फाडून टाकला. गल्लीवाल्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, हरवला.

त्यानंतर बाबा दोन महिने होते. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. मी दर शनिवारी जायचो, हवा-पाण्याचं, कापसाचं बोलायचो. सीटचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माफी मागायची ती माझ्याकडूनही राहिलीच. त्या दिवशी रडलो खरा, पण चुकलो हा शब्द तोंडातून निघाला नव्हता. पुढच्या खेपेला म्हणू, असं करता करता ते गेले.

आई अजून दारासमोर डुक्कर दिसलं की खडा मारते. "यायनंच नेलं माह्या माणसाले," म्हणते. मी शेजारी उभा असतो. सांगायला तोंड उघडतो आणि बंद करतो. बाबांनी झाकलेलं मी कोणत्या तोंडानं उघडं पाडू, असं स्वतःला समजावतो. खरं म्हणजे मी भितो.

तेरवी आटोपून यवतमाळला आलो तेव्हा सायकलकडे पाहवत नव्हतं. विकून टाकावी, भंगारात द्यावी, असं रोज वाटायचं. महिनाभर ती भिंतीला टेकून धूळ खात होती. मग एका सकाळी पुसली, हवा भरली आणि निघालो. पहिल्या पायडललाच बाबा पडताना दिसले, आणि रोज दिसतात. घाटंजी रोड लागला तरी दिसतच राहतात. चढावर दम लागला की तेवढ्यापुरते जातात, उतारावर परत येतात. आता मी ग्रुपात मागेच असतो, फारसं बोलत नाही, पोह्यांसाठी थांबलो तरी बाजूला उभा राहतो.

मागच्या आठवड्यात एकानं विचारलंच, चेहऱ्यावर काडीचा आनंद नाही, मग चालवतोस कायले? मी म्हटलं, बाबांनी सांगितलं आहे. त्याला वाटलं, तब्येतीसाठी सांगितलं असेल. तो म्हणाला, वडील मोठे समजदार होते तुझे. मी हो म्हटलं आणि सायकलवर बसलो.